मोडीच्या काट्यावर चढण्यापूर्वी : जुन्या तांब्याच्या भांड्यांची ओळख आणि पारख

खडकवासला (प्रतिनिधी) - जुने घर उतरवायचे ठरले, की आधी माळा रिकामा करावा लागतो. गाद्या, ट्रंका, देवदेवतांच्या तसबिरी यांच्यामागे, अगदी कोपऱ्यात, तांब्या-पितळेची भांडी निघतात. काळवंडलेला बंब, पोचे आलेला हंडा, कोणाच्या तरी लग्नात आंदण म्हणून आलेले घंगाळ. खडकवासला, नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाली. गावठाणातील जुन्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या. सदनिकेत माळा नसतो आणि बंब पेटविण्यासाठी अंगणही नसते. त्यामुळे ही भांडी थेट मोडीच्या दुकानात पोचतात. तेथील काटा वजन सांगतो; भांडे कोणत्या धातूचे, किती जुने, कोणत्या कामाचे आणि ठेवण्याजोगे आहे की नाही, हे तो सांगत नाही. ही पारख भांडे घराबाहेर पडण्यापूर्वी घरच्यांनीच करायची असते. कारण एकदा भट्टीत गेलेले भांडे परत मिळत नाही.

खडकवासला आणि पुण्याच्या घरांतील तांब्याची भांडी यांचा संबंध पाण्यातून आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे धरण झाले. पुढे नळाचे पाणी घरोघरी आले, तसे पाणी भरण्याचे हंडे-कळशा हळूहळू मागे पडल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासला धरणही फुटले आणि मुठेच्या काठच्या पेठांमधील असंख्य संसार वाहून गेले. नदीकाठच्या ज्या घरांत त्याआधीची भांडी आजही शिल्लक आहेत, त्या घरांत ती केवळ धातू म्हणून उरलेली नाहीत.

तांबट आळीची घडण

पुण्यातील तांब्याच्या भांड्यांची पारख करायची, तर ती कशी घडत होती हे आधी समजून घ्यावे लागते. कसबा पेठेतील तांबट आळी हे या कामाचे जुने ठिकाण. त्वष्टा कासार समाजातील तांबट कारागीर पेशवाईच्या काळात येथे स्थिरावले. आजही या आळीतून ठोक्यांचा आवाज येतो, मात्र भट्ट्यांची संख्या पूर्वीसारखी राहिलेली नाही.

तांब्याचा पत्रा ठोकला, की तो कडक होत जातो आणि एका मर्यादेनंतर त्याला चीर पडण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून कारागीर तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवितात आणि थंड करतात. तांबे पुन्हा मऊ होते. तापविणे आणि ठोकणे यांची ही आवर्तने भांडे आकाराला येईपर्यंत चालतात. शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने सबंध अंगावर एकसारख्या ओळीत ठोके दिले जातात. यालाच मठारकाम म्हणतात. या ठोक्यांमुळे पत्रा पुन्हा कडक होतो, भांड्याला ताकद येते आणि प्रत्येक ठोक्याच्या जागी प्रकाश चमकतो. म्हणजे आज शोभेची वाटणारी ही नक्षी मुळात भांडे मजबूत करण्याची क्रिया आहे.

धातू ओळखताना

पहिली परीक्षा चुंबकाची. तांबे, पितळ आणि कासे यांपैकी कोणत्याही धातूला चुंबक चिकटत नाही. भांड्याच्या पोटाला चुंबक चिकटला, तर आत लोखंडी पत्रा असून वर तांब्याचा मुलामा आहे, असे समजावे. मात्र येथे दोन अपवाद लक्षात ठेवायला हवेत. अनेक जुन्या भांड्यांची कड आत तार घालून वळविलेली असते आणि ती तार लोखंडी असू शकते. कड्याही बहुधा लोखंडी असतात. तेव्हा चुंबक फक्त काठाला किंवा कडीला चिकटला, तर भांडे नकली ठरत नाही. दुसरे असे, की स्टीलच्या काही प्रकारांनाही चुंबक चिकटत नाही. त्यामुळे बाहेरून तांबे आणि आतून स्टील असलेल्या आजच्या वाढप्याच्या हंड्या या परीक्षेत सहीसलामत सुटू शकतात. त्यांच्या काठाशी दोन पत्रे मिळाल्याची रेषा शोधावी.

दुसरी परीक्षा रंगाची. भांड्याच्या बुडाला, न दिसणाऱ्या जागी, बारीक पॉलिश कागदाने थोडेसे घासावे. लालसर गुलाबी रंग दिसला तर तांबे, पिवळा दिसला तर पितळ. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचे. चांगल्या काशात कथिलाचे प्रमाण साधारण २२ टक्के असते. काशाच्या वाटीला बोटाने टिचकी मारली, तर तिचा नाद बराच वेळ घुमतो. तांब्याचा आवाज त्यामानाने लवकर विरतो. घासल्यावर वरचा लाल थर जाऊन खालून पांढरा किंवा पिवळा धातू दिसला, तर तो मुलामा आहे.

काही भांड्यांत तांबे आणि पितळ असे दोन्ही पत्रे जोडलेले असतात. त्यांना गंगाजमनी म्हणतात. अंग तांब्याचे आणि गळा पितळेचा असलेला तांब्या हे त्याचे परिचित उदाहरण. ते जाणीवपूर्वक केलेले काम असते. मोडीच्या दुकानात मात्र मिश्र धातू म्हणून त्याला कमी भाव सांगितला जाण्याची शक्यता असते.

वजनाचा हिशेब

चांगल्या भांड्याची मोठी खूण म्हणजे पत्र्याची जाडी. ती मोजण्याचे साधन घरी नसते; पण स्वयंपाकघरातील वजनकाटा आणि मोजपट्टी यांवरून अंदाज करता येतो. तांब्याचा एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा सुमारे नऊ किलो भरतो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या गोल पत्र्याचे वजन त्या जाडीला साधारण १.१ किलो होते. समजा, तेवढ्याच तळाची तांब्याची परात आहे. तिला वर काठ आहे, म्हणजे एक मिलिमीटर पत्र्याची परात १.१ किलोपेक्षा बरीच जास्त भरायला हवी. तिचे वजन पाऊण किलोच्या आत असेल, तर पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा आहे. अशी परात शोभेसाठी ठीक; रोजच्या वापरात ती लवकर पोचते.

हंडा किंवा कळशी रिकामी उचलून पाहावी. पोटाच्या मध्यभागी अंगठ्याने दाबले असता पत्रा लचकत असेल, तर तो पातळ आहे. बुडाकडे जड आणि गळ्याकडे हलके असलेले भांडे चांगल्या हाताचे समजावे. जेथे झीज अधिक होणार तेथे धातू राखलेला असतो.

वयाच्या खुणा

केवळ काळा रंग किंवा ठोक्यांची नक्षी यांवरून भांडे जुने ठरत नाही. नवी भांडीही मठारलेली मिळतात आणि काळा रंग रसायनाने काही तासांत आणता येतो. वयाचा अंदाज अनेक खुणा एकत्र पाहूनच करावा लागतो.

सर्वांत विश्वासार्ह खूण सांध्याची. हंडा, घागर, बंब अशी मोठी भांडी पूर्वी दोन किंवा तीन भाग जोडून करीत. जोडायच्या कडांना दाते पाडून ते एकमेकांत बसवीत आणि पितळी मिश्रणाने झाळून ठोकून सपाट करीत. भांडे उजेडात धरून आतून पाहिले, तर ही नागमोडी किंवा दातेरी रेषा किंचित पिवळसर दिसते. अलीकडच्या भांड्यांत गॅसने केलेला, घासून गुळगुळीत केलेला सरळ जोड असतो, किंवा जोडच नसतो. चरकावर दाबून केलेल्या भांड्यांच्या बुडाला आतून एकात एक अशी नेमकी वर्तुळे दिसतात.

दुसरी खूण कड्यांच्या आणि मुठींच्या जोडाची. जुने रिव्हेट हाताने ठोकलेले, म्हणून एकमेकांपासून थोडे वेगळे असतात. सगळे रिव्हेट तंतोतंत सारखे असतील किंवा स्क्रू असतील, तर भांडे अलीकडचे आहे किंवा त्याची दुरुस्ती झाली आहे.

तिसरी खूण झिजेची. खरी झीज वापराच्या जागीच होते. कळशीचा काठ कमरेवर टेकणारी बाजू, हंड्याच्या बुडाचा जमिनीला लागणारा घेर, ताम्हणातील पळी घासली जाते तो भाग, बंबाच्या नळाभोवतीची जागा, या ठिकाणी धातू गुळगुळीत झालेला असतो. चरे वेगवेगळ्या दिशांचे आणि वेगवेगळ्या खोलीचे असतात. सबंध भांडे एकसारखे काळे, हात लागणाऱ्या जागाही तितक्याच काळ्या आणि सगळे चरे एकाच दिशेचे, असे दिसले तर संशय घ्यावा. नखाने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्यावर सुटणारा हिरवा थर हा रंग असतो. खरा जंग धातूला धरून असतो.

काठावरची अक्षरे

मराठी घरातील भांड्यांची एक सवय पारखीला फार उपयोगी पडते. ती म्हणजे भांड्यावर नाव घालण्याची. पूर्वी कासाराच्या दुकानात छिन्नीने एकेक ठिपका ठोकून अक्षरे काढीत. यंत्राने कोरलेली अक्षरे सलग रेषेची असतात आणि ती नंतरची. मजकुरात मालकाचे नाव, गाव, लग्न किंवा मुंज यांचा उल्लेख आणि कधी वर्षही असते.

वर्ष शके असेल, तर त्यात ७८ मिळवावेत. शके १८५० म्हणजे इसवी सन १९२८-२९. संवत असेल, तर ५७ वजा करावेत. संवत १९८५ म्हणजेही साधारण तेच वर्ष. मोडी लिपीतील अक्षरे आढळल्यास भांडे विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचे असण्याची शक्यता अधिक. कारण त्यानंतर ती लिपी रोजच्या व्यवहारातून गेली. वजन शेर-तोळ्यांत कोरलेले असेल, तर तीही एक खूण. देशात मेट्रिक वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. कोरलेले वजन आणि आजचे वजन ताडून पाहिले, तर भांडे किती झिजले हेही कळते.

येथे एक सावधगिरी हवी. कोरलेले वर्ष हे भांडे त्या घरात आल्याचे वर्ष असते, घडविल्याचे नव्हे. जुने भांडे विकत घेऊन त्यावर नवे नाव घालण्याचीही पद्धत होती. एकाच काठावर दोन नावे आढळली, तर ते भांडे दोन घरांत नांदले, असे समजावे. घासून पुसट केलेल्या नावाची जागा बोटाला थोडी खोलगट लागते.

वापरायचे की ठेवायचे?

पारखीतील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. कारण तो आरोग्याशी निगडित आहे. तांब्याची भांडी दोन प्रकारची. बंब, घंगाळ, हंडा, कळशी, ताम्हण, पळी-पंचपात्र ही पाण्याची आणि पूजेची भांडी. त्यांना कल्हई नसते. पातेली, तपेली, सतेली ही स्वयंपाकाची भांडी. त्यांना आतून कल्हई हवीच. चिंच, कोकम, लिंबू, ताक, टोमॅटो अशा आंबट पदार्थांत तांबे विरघळते आणि मळमळ, उलट्या, पोटदुखी असा त्रास होतो. तांब्याच्या भांड्यात दही-ताक ठेवू नये, ही घरोघरची शिकवण त्यातूनच आली. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनीही नीट कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे अन्न शिजविण्यास अयोग्य ठरविले होते.

कल्हई म्हणजे शुद्ध कथिलाचा पातळ थर. भांडे तापवून त्यावर नवसागर टाकला जातो, कथील लावले जाते आणि कापसाच्या बोळ्याने ते चटकन सर्वत्र फिरविले जाते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये. जुन्या भांड्यातील कल्हई राखाडी पडली असेल आणि मधूनमधून लाल तांबे दिसत असेल, तर नव्याने कल्हई केल्याखेरीज त्यात शिजवू नये.

त्याहून गंभीर प्रश्न शिशाचा आहे. भोक बुजविण्यासाठी दिलेल्या डाखात शिसे असू शकते आणि स्वस्त कल्हईतही त्याची भेसळ होते. शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ते विशेष घातक आहे. भांड्याच्या आतील बाजूस मऊ, मळकट राखाडी रंगाची ठिगळे दिसली, तर ते भांडे अन्नासाठी वा पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये. कल्हई करून घेताना शुद्ध कथिलाचाच आग्रह धरावा. इतिहास ठाऊक नसलेले, बाजारातून घेतलेले भांडे शोभेपुरतेच ठेवणे शहाणपणाचे.

भांड्याला बारीक चीर आहे का, हे पाहण्यासाठी ते पाण्याने भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवावे. बंब असेल, तर त्याची मधली नळी, खालची जाळी, राखेचे भांडे, झाकण आणि पितळी नळ असे सर्व भाग जागेवर आहेत ना, ते तपासावे. एक भाग हरवला तरी त्याची किंमत घटते; कारण तसाच भाग पुन्हा मिळणे अवघड असते.

किंमत कशी ठरते?

कोणत्याही जुन्या भांड्याची किमान किंमत म्हणजे त्याच्या वजनाची मोड. त्या दिवसाचा तांब्याचा भाव विचारावा, घरी वजन करून जावे आणि तांब्याची व पितळेची भांडी वेगवेगळी तोलावीत. डाख, लोखंडी कड्या आणि कल्हई यांसाठी घट धरली जाते. ती किती, हे आधीच ठरवून घ्यावे.

मोडीच्या वर मिळणारी किंमत पाच गोष्टींवर अवलंबून असते : पत्र्याची जाडी, हाताची घडण, सर्व भाग शाबूत असणे, नाव-गाव-वर्षाची अक्षरे आणि भांड्याचा दुर्मीळ प्रकार. ठोकळ आकाराचे हंडे-कळशा भरपूर मिळतात. नक्षीदार पानदान, मोठे घंगाळ, जुने मोदकपात्र, दातेरी सांध्याचा बंब यांना शोधणारा ग्राहक वेगळा असतो. पोचे तांबटाकडून काढून घेता येतात; मात्र पोचे काढण्याचा खर्च आणि वाढणारी किंमत यांचा मेळ आधी घालावा. तुलनेसाठी शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा अवश्य पाहावे. डॉ. दिनकर केळकर यांनी जमविलेल्या या संग्रहात दिवे, अडकित्ते आणि घरगुती भांडी यांचे नमुने आहेत. चांगले काम कसे दिसते, याची नजर तेथे तयार होते. अहमदाबादला गेल्यास विशाला येथील भांड्यांचे संग्रहालयही पाहण्यासारखे आहे.

परदेशी नेताना

परदेशातील मुलांकडे आजीचे भांडे पाठविण्याची इच्छा अनेकांना असते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलात्मक अथवा ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. भांडे तेवढे जुने नसले, तरी विमानतळावर शंका घेतली जाऊ शकते. अशा वेळी वस्तू पुरावस्तू नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा दाखला आधीच घेणे श्रेयस्कर. भांड्यावर शके १८०० च्या आसपासचे वर्ष असेल, तर ते देशातच ठेवावे.

घासताना हात आवरावा

जुने भांडे हाती आले, की ते लखलखीत करण्याचा मोह होतो. परंतु तारेच्या घासणीने किंवा तीव्र आम्लाने घासल्यास मठारकाम बोथट होते आणि ठिपक्यांची अक्षरे कायमची पुसट होतात. तपकिरी-काळसर थर धातूला अपाय करीत नाही, उलट त्याचे रक्षणच करतो. काढायचा तो हिरवा, भुकटीसारखा जंग. चिंच-मीठ मऊ फडक्याने हलके लावावे, लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे आणि पूर्ण कोरडे करावे. आम्ल किंवा मीठ राहिले, तर हिरवा जंग पुन्हा येतो. विक्रीचा विचार असेल, तर काहीही न घासता भांडे दाखवावे. जाणकार ग्राहक वयाच्या खुणाच शोधत असतो आणि त्या आपणच पुसून टाकलेल्या असतात.

शेवटी सर्वच भांडी ठेवणे कोणालाही शक्य नाही. पातळ, फुटकी, डाखांनी भरलेली भांडी मोडीत जायला हरकत नाही. मोडीत देण्यापूर्वी एवढे मात्र करावे : भांडे धुऊन उजेडात न्यावे, काठ आणि बूड निरखावे, अक्षरे असतील तर त्यांचे छायाचित्र काढावे, वजन लिहून ठेवावे आणि घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला, हे कोणाचे, असे विचारावे. बहुतेक वेळा काठावरचे नाव वाचता येते. ते नाव कोणाचे, हे सांगणारे माणूसच घरात उरलेले नसते. ते आहे तोवर हा प्रश्न विचारायला हवा.